आठवीपर्यंतचं व्हाउचर

"स्कूल व्हाउचर वगैरे अमेरिकेतली खुळं, आपल्याकडे तसलं काही नाही" असं कोणी ठासून म्हणायला लागलं की मी विचारते, मग आपल्याकडचे पंचवीस टक्के म्हणजे काय? व्हाउचर म्हणजे तरी काय, शाळा पालकाने निवडायची आणि फीचं कुपन सरकारने द्यायचं. पैसे सरकारचे, पसंती पालकांची, बाकं खासगी शाळेची. शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीई) कलम १२(१)(क), कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. विनाअनुदानित खासगी शाळांनी सुरुवातीच्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घरातल्या मुलांना द्यायच्या, त्यांच्याकडून फी घ्यायची नाही, ती सरकार भरणार. कुपन पालकाच्या हातात पडत नाही, सरकार परस्पर शाळेला पैसे देतं (देतं म्हणजे द्यायला पाहिजे, त्यावर पुढे येतेच), एवढाच काय तो फरक.

हे सगळं डोक्यात यायचं कारण आमचा फॅमिली ग्रुप. माझा चुलतभाऊ डॅलसजवळ राहतो आणि टेक्सासमध्ये मे २०२५ मध्ये गव्हर्नरनी सही केली त्या कायद्यावरून त्याने ग्रुपवर भलामोठा मेसेज टाकला. एक अब्ज डॉलर सरकारी तिजोरीतून बाजूला काढणार, त्यातून पालकांना मुलामागे खातं उघडून देणार, त्यातून खासगी शाळेची फी भरा. दादा भयंकर चिडलेला. आमच्या पब्लिक स्कूलचा पैसा पळवतायत म्हणे. मला गंमत याची वाटली की हाच दादा, त्याने तिकडे घर घेताना चार उपनगरं पालथी घातली ती फक्त कुठल्या सरकारी शाळेची हद्द कुठल्या गल्लीपर्यंत आहे हे बघायला, आणि चांगल्या सरकारी शाळेच्या हद्दीतलं घर महाग पडलं तरी घेतलं. म्हणजे सातासमुद्रापार आपली माणसं सरकारी शाळेसाठी कर्ज काढतात आणि इथे झेडपीच्या शाळेत पोरगं घातलं तर पाव्हणेरावळे विचारतात, का हो, काही अडचण आहे का?

बरं ही व्हाउचरची आयडिया मूळ कोणाची, तर अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन, १९५५. शिक्षणाला पैसा सरकारने जरूर द्यावा पण म्हणून शाळा सरकारनेच चालवायला पाहिजे असं कुठे आहे, पालकाला कुपन द्या, तो जाईल त्या शाळेला पैसे मिळतील, शाळा एकमेकींशी स्पर्धा करतील आणि सुधारतील. नेमका त्याच वर्षी हा माणूस भारत सरकारला सल्ला द्यायला दिल्लीत आला होता.

आपल्याकडे खासगी शाळेला सरकारी पैसा त्याच्याही शंभर वर्षं आधी सुरू झालाय. १८५४ चा वुडचा खलिता, म्हणजे कंपनी सरकारचं शिक्षणाचं धोरण, त्यातून अनुदानाची पद्धत आली, आणि आज आपण जिला "अनुदानित शाळा" म्हणतो ती त्याच वेलीवरची. संस्था खासगी, पगार सरकारी. त्यात पैसा शिक्षकाच्या पदाच्या मागे जातो, पंचवीस टक्क्यांत तो मुलाच्या मागे जातो. अनुदानाच्या पद्धतीचं आपण काय केलं हे काही लपलेलं नाही, कोणाची संस्था कुठल्या मतदारसंघात आहे हे तालुक्यातलं शेंबडं पोरगं पण सांगेल. म्हणून सरकारने फक्त पैसे द्यावेत, बाकी बाजार बघून घेईल, असं कोणी म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाने जरा सावध राहावं असं माझं मत आहे. आपण तो सिनेमा बघितलेला आहे.

आणि सरकारचा पैसा नक्की कुठे जावा हे भांडणही जुनंच. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगाला निवेदन दिलं त्यात हेच होतं, कर भरतो शेतकरी आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा आणि प्राथमिकच्या मास्तरांना पगार नीट द्या, या दोन मागण्या त्यात होत्या. पुढे शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी संस्थान पालकाच्या मागे लागलं होतं, बाबा रे पोर पाठव. आज पालक शासनाच्या मागे लागलाय, कागदांची पिशवी घेऊन.

ती पिशवी मी जवळून बघितलीय. आम्ही चाकणजवळ राहतो. आमच्या बिल्डिंगमध्ये लताताई कामाला येतात, मूळच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडकडच्या, नवरा एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर. थोरलीच्या पहिलीच्या वेळेस त्यांचा पंचवीस टक्क्यांचा फॉर्म माझ्याच लॅपटॉपवर भरला होता. त्या सायबरवाल्याकडे गेल्या होत्या आधी पण तो एका फॉर्मचे किती मागत होता ते सांगत नाही, उगाच डोकं फिरतं.

फॉर्ममध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठली असेल तर तो गुगल मॅपवरचा लाल फुगा. तो ओढत नेऊन आपल्या घरावर बरोब्बर ठेवायचा. कारण सगळा खेळ अंतराचा आहे, शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी, मग एक ते तीन, मग पुढचे. लताताई तेव्हा राहायच्या त्या चाळीला मॅपवर नाव नव्हतं, रस्ता नव्हता, होतं एक रिकामं शेत. त्या म्हणाल्या, ताई ते लिंबाचं झाड दिसतं का बघा, त्याच्या पाठीमागं आमची खोली. मी सॅटेलाइटवर घेऊन झूम करून करून लिंबाचं झाड शोधतेय आणि त्या माझ्या खांद्यावरून वाकून बघतायत, "जरा अलीकडं… अजून अलीकडं… हां, तिथं." शंभर-दोनशे मीटर चुकलं तर पुढे पडताळणी समितीत अंतराच्या कारणावरून प्रवेश रद्द होऊ शकतो, हे मला माहीत होतं त्यामुळे माझाच हात थरथरायला लागला.

मग दाखले. जातीचा काढायला गंगाखेडला जाऊन यायचं, म्हणजे नवऱ्याचे दोन खाडे. राहत्या पत्त्याचा पुरावा, तर रेशनकार्ड गावाकडचं, इथे भाडेकरार लागतो आणि तो रजिस्टर केलेला लागतो, आणि चाळमालक म्हणतो रजिस्टर-बिजिस्टर आपल्याकडे नाही, पटत असेल तर राहा. हे सगळं जमवायला ज्याला जमलं नाही त्याचं मूल, या जागा ज्या लॉटरीने वाटतात तिच्यात कधी आलंच नाही. दुर्बल घटकातून भरायचं तर वर्षाला एक लाखाच्या आतलं उत्पन्न दाखवणारा दाखला लागतो. एक लाख! महिन्याला आठ हजार तीनशे. इथे कंपनीत झाडू मारणाऱ्यालाही त्याहून जास्त मिळतात. मग काय होतं हे मी लिहायची गरज नाही, सेतूच्या बाहेर उभं राहिलं की आपोआप कळतं. व्हाउचर म्हणजे सगळ्यात गरिबाच्या हातात निवड असं पुस्तकात लिहितात. प्रत्यक्षात ती निवड ज्याच्या मागेपुढे एखादा लॅपटॉपवाला असतो त्याला मिळते.

लताताईंच्या पोरीचं नाव लागलं. नशीब.

आता शाळेच्या बाजूने बघू, कारण शाळांना शिव्या देणं सोपं आहे. सरकार एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये देतं. कायद्यात आहे की सरकार स्वतः एका मुलावर जेवढा खर्च करतं ती रक्कम किंवा शाळेची खरी फी, दोन्हीतलं जे कमी ते. कोरोनाच्या वर्षी, २०२०-२१ ला, शाळा बंद होत्या म्हणून ते ८,००० वर आणलं. आणि तेही वेळेवर येत नाही, प्रतिपूर्तीची थकबाकी शेकडो कोटींत आहे. मोठ्या शाळांना याचा काही फरक पडत नाही पण तालुक्याच्या गावातल्या दोन मजली इंग्लिश मिडियमचा मालक, ज्याची मुळात फीच वीस-पंचवीस हजार आहे आणि त्यातली निम्मी उधारीवर आहे, त्याला पंचवीस टक्के पोरांचे पैसे तीन-तीन वर्षं अडकले की तो कोणावर राग काढणार? त्या पोरांवरच. "गॅदरिंगचे पैसे आरटीईवाल्यांनी वेगळे भरायचे." "तुमचा वर्ग दुपारचा." असं उघड कोणी लिहून देत नाही, गेटवर तोंडी सांगतात. सरकार व्हाउचर देतं पण वटवत नाही, आणि मध्ये पोरगं उभं.

मग ९ फेब्रुवारी २०२४ ला शासनाने काय केलं, तर एक अधिसूचना. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांतून मोकळीक. म्हणजे मुलांना आधी झेडपी, महापालिका आणि अनुदानित शाळाच मिळणार. युक्तिवाद वरवर अगदी बरोबर वाटतो, आमची शाळा शेजारी असताना आम्ही दुसऱ्याला पैसे का द्यायचे? मलासुद्धा क्षणभर पटलं होतं. पण त्या वर्षी जे झालं ते बघण्यासारखं होतं. सरकारी शाळा धरल्यामुळे कागदावर जागा एकदम आठ-नऊ लाखांच्या घरात गेल्या आणि अर्ज? लाखभरसुद्धा नाहीत. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, जुन्या पद्धतीने परत फॉर्म सुरू झाले, जागा साधारण एक लाख पाच हजार आणि अर्ज आले दोन लाख चाळीस हजारांच्या वर. १९ जुलैला हायकोर्टाने ती अधिसूचनाच रद्द केली, सुप्रीम कोर्टातही ती टिकली नाही.

लोकांनी आपलं मत एवढं स्वच्छ कधी दिलं नव्हतं. तुमच्या शाळेत फुकट घालायला आम्हाला लॉटरी कशाला लागते, असं ते म्हणत होते.

ही गोष्ट मी अण्णांना सांगितली. अण्णा म्हणजे माझे वडील, सातारा जिल्ह्यात माण-खटावच्या पट्ट्यात आयुष्यभर झेडपीत मास्तर, शेवटी मुख्याध्यापक होऊन रिटायर झाले. मी चौथीपर्यंत त्यांच्याच शाळेत. मला वाटलं होतं ते भडकतील, सरकारी शाळेच्या बाजूने बोलतील. तर म्हणाले, "मी त्या जागी असतो तर मीही फॉर्मच भरला असता." मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही असं बोलताय?" तर म्हणाले, "अगं, चार वर्ग आणि दोन मास्तर. त्यातला एक मीटिंगला. तू मला सांग, तुझं पोर त्यात घालशील?" माझी मुलगी खासगी शाळेत आहे हे त्यांना काय माहीत नाही का. गप्प बसले मी.

मग मीच त्यांना आंध्रची गोष्ट सांगितली. हा अभ्यास या वादात दोन्हीकडचे लोक आपापल्या सोयीने वापरतात म्हणून जरा नीट सांगते. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी २००८ पासून चार वर्षं आंध्र प्रदेशात पाच जिल्ह्यांतली १८० गावं घेतली, त्यातली कुठल्या गावांना व्हाउचर द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, आणि त्या गावांत अर्ज करणाऱ्या सरकारी शाळेतल्या मुलांतही पुन्हा चिठ्ठ्या. ज्याचं नाव निघालं त्याची खासगी शाळेची फी भरली. चार वर्षांनी परीक्षा घेतल्या. तेलुगू आणि गणितात फरक शून्य. म्हणजे जी पोरं खासगीत गेली आणि जी सरकारीत राहिली, सारखीच. हिंदीत खासगीवाली बरीच पुढे, कारण सरकारी प्राथमिक शाळेत हिंदी शिकवतच नव्हते. सरकारी शाळेत मागे राहिलेल्या पोरांचं काही नुकसान झालं नाही, हेही त्यात निघालं, ते लपवण्यात अर्थ नाही.

पण गंमत पुढे आहे. खासगी शाळेचा मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी होता. म्हणून व्हाउचरवाले म्हणतात, बघा, तेवढंच शिक्षण, तिसऱ्या हिश्श्यात, वर एक भाषा जास्त. आणि हे खरंच आहे, मी याला खोडून काढायला बसलेले नाही. फक्त तो खर्च वाचला कुठून? खासगी शाळेतल्या मास्तरांना पगार सरकारी मास्तराच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा होता. त्या शाळांचं पोरांवर लक्ष जास्त, मास्तर गैरहजर कमी, शाळा स्वच्छ, हेही होतं. म्हणजे कमी शिकलेल्या, कमी पगाराच्या बायका रोज वेळेवर येऊन तेवढंच शिकवत होत्या जेवढं बीएड-डीएड झालेला भरपगारी माणूस शिकवत होता.

अण्णांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आमची अब्रूच काढली की." मग थोड्या वेळाने, "पण त्या बाईंचं काय गं? तिचं पोरगं कुठल्या शाळेत?"

हा प्रश्न मला कुठल्याच लेखात सापडलेला नाही. आपल्याकडे शिक्षणसेवक नावाचा प्रकार आहे, भरती झाल्यावर पहिली तीन वर्षं मानधनावर. प्राथमिकला ते मानधन वर्षानुवर्षं सहा हजार होतं, २०२३ पासून सोळा हजार झालं. त्यावर आपण सगळे हळहळतो, आणि बरोबरच आहे. पण गावोगावच्या इंग्लिश मिडियममधल्या मिस त्याहून कमीत वर्षानुवर्षं काम करतात, मेच्या सुट्टीचा पगार नाही, नोकरीची शाश्वती नाही, आणि त्यांची स्वस्ताई हाच सगळ्या व्हाउचरच्या हिशेबाचा पाया आहे. लताताईंची पोरगी पुढे शिकून अशीच मिस झाली तर तिलाही पंचवीस टक्क्यांचा फॉर्म भरावा लागेल.

आता सरकारी शाळेचं. व्हाउचरवाल्यांचा सगळ्यात दणदणीत मुद्दा मी त्यांच्या वतीने मांडते. समजा एखाद्या वाडीवर पट बारा, मास्तर दोन, दोघेही जुने, दोघांचा मिळून पगार महिना दीड लाख. करा भागाकार, एका मुलामागे वर्षाला दीड लाख पडले. त्यात शहरातली बऱ्यापैकी महाग शाळा येते. मग ते दीड लाख त्या आईच्या हातात द्या ना, असं कोणी म्हणालं तर उत्तर काय? उत्तर एवढंच आहे की त्या वाडीवर दुसरी शाळाच नाही आणि कोणी काढणारही नाही. बारा पोरांसाठी कुठला संस्थाचालक डोंगर चढून येणार आहे? कुपन चालायला दुकान लागतं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करायचं निघालं तेव्हा हाच गोंधळ होता. समूहशाळा म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक. सरकारी लोक तोरणमाळ आणि पानशेतच्या समूहशाळांची उदाहरणं द्यायचे, बस देऊ, एकत्र आणू. पावसाळ्यात ओढा ओलांडून सहा वर्षांची मुलगी बसपर्यंत कोण नेणार, हे आदेश काढणाऱ्याने जाऊन बघावं एकदा.

आणि दुसरीकडे आमच्यासारख्या एमआयडीसीच्या गावांत बरोबर उलटं. वाडीवर पट नाही म्हणून शाळा मरते, इथे पट मावत नाही म्हणून मरते. मास्तर किती द्यायचे हे संचमान्यतेत ठरतं आणि संचमान्यता ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर. कंपन्यांची लोकं वर्षभर येत असतात, जूनमध्ये आलेल्या पोरांचा मास्तर मंजूर होऊन प्रत्यक्ष यायला किती काळ जाईल देव जाणे. त्यात बीएलओचं म्हणजे मतदारयाद्यांचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, रोज कुठली तरी लिंक भरा, कुठला तरी फोटो अपलोड करा. मास्तर लोकं कामचुकार आहेत असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच म्हणते की काही आहेतच, माझ्या बापानेच चार नावं सांगितली असती. पण बाकीचे काय करतात ते बघा जरा.

चांगली झाली की लोक सरकारी शाळेसमोरही रांग लावतात, हे आमच्या पुणे जिल्ह्याने दाखवलंय. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची झेडपी शाळा, गावाने जमीन दिली, लोकांनी पैसा उभा केला, वर्ग काचेचे, आणि प्रवेशासाठी वेटिंग लिस्ट. झेडपीच्या शाळेला वेटिंग लिस्ट! तिथले दत्तात्रय वारे गुरुजी पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले, बंद पडायच्या बेताला आलेली शाळा, आणि तिला २०२५ मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या पसंतीचं बक्षीस मिळालं. आमच्याकडून गाडीवर जाता येतं एवढ्या अंतरावर. मला याचा अभिमान आहे आणि त्याच वेळी भीतीही वाटते, कारण एक माणूस आला की शाळा उभी राहते आणि त्याची बदली झाली की काय होणार याचं उत्तर कोणाकडेच नसतं. शाळा चांगली असणं हा योगायोग असेल तर ती पण एक लॉटरीच झाली की.

चिलीने १९८१ मध्ये, लष्करी राजवटीत, देशभर व्हाउचर आणलं. पंचवीस वर्षांनी, २००६ ला, शाळेची पोरं रस्त्यावर उतरली कारण शाळा घराच्या ऐपतीप्रमाणे वेगवेगळ्या थरांत वाटल्या गेल्या होत्या, व्हाउचरच्या वर पालकांकडून आणखी पैसे घ्यायला परवानगी होती, आणि शाळा पोरं निवडून घ्यायच्या. २०१५ मध्ये कायदा करून वरचे पैसे, नफा आणि निवड हळूहळू बंद करायला घेतलं. मला त्यातलं एकच वाक्य आपल्यासाठी महत्त्वाचं वाटतं. पालकाला शाळा निवडता यावी म्हणून सुरू केलं आणि शाळा पालक निवडायला लागल्या. आपल्या पंचवीस टक्क्यांत निदान लॉटरी आहे, इंटरव्ह्यू नाही, वरचे पैसे नाहीत (कायद्याने), आणि कॉन्ट्रॅक्टरची आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या कामगाराची पोरगी एका बाकावर बसते. त्यासाठी मी या योजनेच्या बाजूने कायम भांडीन. फक्त तिच्या जोरावर कोणी झेडपीची शाळा मोडीत काढू नये. एक लाख जागांनी राज्यातली पोरं शिकत नसतात.

आणि ती जागासुद्धा आठवीपर्यंतच. कायदा सहा ते चौदा वर्षांचा आहे, म्हणून नववीला व्हाउचर संपतं. एप्रिलमध्ये लताताईंच्या पोरीच्या हातात निकालाबरोबर नववीच्या फीचा कागद आला, पन्नास हजारांच्या पुढचा आकडा, दोन हप्त्यांत भरता येईल. त्या मला म्हणाल्या, "ताई, इतके दिवस फुकट होतं ना, मग आता काय झालं? पोरगी तीच आहे की." पोरगी वर्गात पहिल्या पाचात. शाळेत जाऊन भेटलो आम्ही. बोलणं गोड होतं, चहा पण दिला, पॉलिसी आहे म्हणाले.

शेवटी तिला गावातल्या अनुदानित शाळेत सेमी इंग्लिशला घातली. गणित-विज्ञान इंग्रजीत, ते तिला सोपंच जातंय. इतिहास-भूगोल मराठीत आणि तिथे ती अडकली, पहिलीपासून हे सगळं इंग्रजीत वाचलेलं. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसते, भूगोलाचं पुस्तक उघडते आणि मला विचारते "पर्जन्यमान म्हणजे रेनफॉल ना?" आणि समासात बारीक अक्षरात इंग्रजी लिहून ठेवते. पानभर असे बारीक शब्द. हुशार आहे, निभावेल. वर्गात तिला पोरं "इंग्लिश मॅडम" म्हणतात, तिला ते आवडत नाही.

धाकटा आता पहिलीचा आहे. या वेळी लताताई म्हणाल्या, आधी झेडपीची शाळा बघून येते, नववीला परत तेच रडगाणं नको, पहिल्यापासून मराठीतच घालते. मला बरं वाटलं, खरं सांगायचं तर अण्णांना लगेच फोन करून सांगितलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्या जाऊन आल्या. म्हटलं, कशी आहे शाळा? "बाई लई चांगल्या आहेत ताई. पोरं कशी मांडीवर बसल्यासारखी असतात त्यांच्या. रंग दिलाय, पाणी आहे, बाथरूमला कडी पण आहे." मग म्हटलं घालताय ना?

"पहिली-दुसरी एकत्र बसतात. मी मोजली, बहात्तर पोरं, बाई एक. बाईच म्हणाल्या मला, आरटीईचं बघा लागतंय का, नाही लागलं तर आणा माझ्याकडं."

लाल फुग्यासाठी नवी खोली मॅपवर शोधून ठेवायला सांगितलंय त्यांनी मला. या वेळेस लिंबाचं झाड नाही, मोबाईल टॉवर आहे.